डावललं की हुकलं? ऑस्कर नामांकनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर होतात. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये पहाटेचे साडेपाच, आपल्याकडे संध्याकाळचे सात. सव्वासातपर्यंत माझ्या फोनवर निरोपांची रांग लागते. "हे काय झालं?", "याचा पत्ता कट कसा?", "ही बाई कोण?" यादी येण्याआधी मी माझे अंदाज एका वहीत लिहून ठेवतो आणि नंतर लाल पेनाने स्वतःलाच मार्क देतो. मार्क फारसे बरे पडत नाहीत. पण त्या निमित्ताने तेच ते प्रश्न इतक्या वेळा आलेत की उत्तरं एकदा लिहून काढलेली बरी.

यादी वाचताना लोक मध्येच का ओरडतात? अजून सगळी नावं कुठे झालेली असतात?

अभिनयाच्या गटांत नावं आडनावांच्या इंग्रजी अकारविल्हे क्रमाने वाचतात, म्हणून. आपलं नाव गेलं हे ते नाव न ऐकताच कळतं. २३ जानेवारी २०२४ चा सोहळा आठवा. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची यादी सुरू झाली: बेनिंग, ग्लॅडस्टन, ह्युलर, मलिगन... आणि मलिगननंतर थेट स्टोन. मधे 'रॉबी' यायला हवं होतं. 'बार्बी'ची मार्गो रॉबी त्या एका श्वासात यादीबाहेर गेली. अभिनेत्यांतही तसंच झालं. कूपरनंतर डोमिंगो, म्हणजे डिकॅप्रिओ नाही. वाचणाऱ्याच्या आवाजात कसलाही बदल नसतो, तो आपला पुढे जातो. आपण मात्र दोन नावांच्या मधल्या जागेवर अडकलेले असतो.

'डावललं' म्हणणं बरोबर आहे का?

बहुतेक वेळा नाही. मराठीत 'डावलणं' या क्रियापदाला कर्ता लागतो. कुणीतरी समोरचं पान बघतो आणि मुद्दाम ते सोडून पुढे वाढतो, ते डावलणं. ऑस्करच्या नामांकनांत असा वाढपी नसतो. समिती एका टेबलाभोवती बसून "याला घेऊ, तिला वगळू" असं ठरवत नाही. शेकडो माणसं आपापल्या घरी, एकमेकांना न विचारता मतं देतात आणि हिशेबनीस ती मोजतात. त्यातून एखादं नाव राहिलं तर त्याला 'हुकलं' म्हणावं. 'डावललं' हा शब्द मी जपून ठेवतो. तो कुठे वापरायचा ते पुढे येईलच.

मग नामांकन ठरतं तरी कसं?

ऑस्कर देते ती संस्था म्हणजे अकॅडमी. तिच्या सदस्यांच्या शाखा आहेत. अभिनेत्यांची नामांकनं अभिनेते ठरवतात, दिग्दर्शकांची दिग्दर्शक, संकलकांची संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनासाठी मात्र सगळे मत देतात. अंतिम फेरीत प्रत्येक गटात सगळ्यांना मत असतं.

खरी गंमत मोजणीत आहे. सदस्य आवडीच्या क्रमाने नावं लिहितात: पहिलं, दुसरं, तिसरं, असं पाचापर्यंत. समजा एका शाखेतल्या ६०० जणांनी मत दिलं. जागा पाच. ६०० ला सहाने भागायचं, १०० येतात, त्यात एक मिळवायचा. १०१ पहिल्या पसंतीची मतं ज्याला मिळाली तो आत. सहाने का? तर पाच जणांना १०१ मिळाली की ५०५ संपली, उरली ९५, म्हणजे सहावा कुणी तिथे पोचूच शकत नाही. कुणी आकडा गाठत नसेल तर तळातलं नाव बाद होतं आणि त्याच्या कागदांवरची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. पाच भरेपर्यंत हे चालू.

यात एक गोष्ट लपलेली आहे. एखादं काम सगळ्या शाखेला आवडलं, सगळ्यांनी ते चौथ्या किंवा पाचव्या क्रमांकावर लिहिलं, पण पहिल्या क्रमांकावर कुणीच लिहिलं नाही, तर ते पहिल्याच झटक्यात बाद होतं. त्याचे वरचे चारही आधी बाद व्हावेत आणि मग आपल्याला मतं मिळावीत, एवढं थांबायला ते शिल्लकच नसतं. उलट शंभरेक माणसं एखाद्यावर जीव टाकत असतील आणि बाकी पाचशेंनी तो चित्रपट पाहिलाही नसेल, तरी त्याची वर्णी लागते. म्हणजे "सगळ्यांना आवडलं होतं, मग कसं हुकलं?" या प्रश्नातच उत्तर आहे. सगळ्यांना आवडलं होतं, म्हणूनच कदाचित.

हे समजल्यावर माझे अंदाज सुधारले, असं म्हणायला मला आवडलं असतं.

चित्रपटाला नामांकन आणि दिग्दर्शकाला नाही, हे कसं? चित्रपट काय आपोआप तयार झाला?

हा टोमणा दरवर्षी येतो आणि दरवर्षी तितकाच चपखल वाटतो. पण हिशेब साधा आहे. चित्रपटांच्या जागा दहा, दिग्दर्शकांच्या पाच. पाच जण बाहेर राहणारच. शिवाय मतदार वेगळे. चित्रपट सगळे मिळून निवडतात, दिग्दर्शक फक्त दिग्दर्शकांची शाखा.

आणि या शाखेची एक जुनी खोड आहे. हॉलिवूडमधल्या लोकप्रिय, धंदा करणाऱ्या चित्रपटाचा दिग्दर्शक बाजूला ठेवून ती परदेशातल्या एखाद्या दिग्दर्शकाला वर घेते. २०१९ मध्ये पोलंडचा पावेल पावलिकोव्स्की, २०२१ मध्ये डेन्मार्कचा टॉमस व्हिंटरबर्ग. दोघांच्याही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन नव्हतं. २०२४ मध्ये 'बार्बी'च्या ग्रेटा गर्विगचं नाव आलं नाही तेव्हा यादीत फ्रान्सची जस्टिन त्रिए होती आणि जर्मन भाषेतल्या चित्रपटासाठी जॉनथन ग्लेझर होता.

याचा सगळ्यात बोलका पुरावा १९७६ चा आहे. 'जॉज'ने तिकीटबारीवर धुमाकूळ घातला होता. स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा तिशीच्याही आत. नामांकनं जाहीर होताना आपला आनंद टिपायला त्याने कॅमेरावाल्यांना बोलावून ठेवलं होतं. ती चित्रफीत आजही पाहायला मिळते. टीव्हीसमोर बसलेला पोरगेलासा माणूस, तोंडावर आधी हसू, मग यादी वाचून होते आणि तो हातांनी चेहरा झाकतो. आपली जागा इटलीच्या फेलिनीने घेतली, हे तो स्वतःच कॅमेऱ्याला सांगतो. 'जॉज'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन होतं, पुढे तीन ऑस्करही मिळाले, पण दिग्दर्शनाच्या यादीत फेलिनी होता आणि स्पीलबर्ग नव्हता. स्वतःचा पचका स्वतःच चित्रित करून ठेवणारा दुसरा दिग्दर्शक मला माहीत नाही. नामांकन गृहीत धरणाऱ्या प्रत्येकाने ती फीत एकदा बघावी.

दिग्दर्शकाला नामांकन नसेल तर तो चित्रपट जिंकणार नाही, असं समजायचं का?

पूर्वी समजत असत. १९९० मध्ये 'ड्रायव्हिंग मिस डेझी' दिग्दर्शकाच्या नामांकनाविना जिंकला तेव्हा तो अपवाद धरला गेला. नंतर 'आर्गो' (२०१३), 'ग्रीन बुक' (२०१९) आणि 'कोडा' (२०२२) तसेच जिंकले. अपवाद इतके झाले की नियमाची भीती राहिली नाही.

'आर्गो'ची कथा तर वेगळीच आहे. त्या वर्षी नामांकनाचं मतदान नेहमीपेक्षा लवकर, ४ जानेवारीला संपलं. अमेरिकेतल्या दिग्दर्शक संघटनेची यादी त्यानंतर आली, त्यामुळे "बाकीचे कुणाला मत देतायत" याचा अंदाज मतदारांना आला नाही. 'आर्गो'चा दिग्दर्शक बेन ॲफ्लेकचं नाव हुकलं. मग तीन दिवसांत त्याला दिग्दर्शनाचा गोल्डन ग्लोब मिळाला, पुढे संघटनेचाही पुरस्कार मिळाला आणि "बिचाऱ्यावर अन्याय झाला" ही भावना थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटापर्यंत चित्रपटाच्या कामी आली. हुकलेलं नामांकन हा कधीकधी सगळ्यात चांगला प्रचार असतो.

गोल्डन ग्लोबमध्ये नाव होतं. मग ऑस्करमध्ये का नाही?

कारण मतदार वेगळे. ग्लोबचे मतदार पत्रकार, ऑस्करचे मतदार चित्रपटातच काम करणारे. शिवाय ग्लोबमध्ये नाट्यपट आणि विनोदी-संगीतपट असे वेगळे गट, म्हणून मुख्य भूमिकांना दुप्पट जागा. ऑस्करला आल्यावर ती सगळी मंडळी पाच खुर्च्यांसाठी एकमेकांसमोर उभी राहतात. अंदाज बांधायचाच असेल तर अभिनेत्यांच्या, दिग्दर्शकांच्या, निर्मात्यांच्या संघटनांच्या याद्या बघाव्यात. तिथले बरेच मतदार अकॅडमीतही असतात.

ज्याचं नावही ऐकलं नव्हतं त्याला नामांकन मिळालं. यात काही काळंबेरं?

२०२३ मध्ये हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त आला, अँड्रिया राइझबरोमुळे. 'टू लेस्ली' हा छोटा चित्रपट, चित्रपटगृहांत कमाई जवळजवळ नाहीच. जाहिरातीला पैसे नाहीत. मग मतदानाच्या आसपास एकेक नामवंत अभिनेते समाजमाध्यमांवर तिच्या कामाचं कौतुक लिहू लागले. केट विन्स्लेट, ग्वेनेथ पॅल्ट्रो, एडवर्ड नॉर्टन. काहींच्या मजकुरात वाक्यंही सारखीच होती, त्यावरून बरीच चेष्टा झाली. २४ जानेवारीला यादी आली आणि तिचं नाव होतं. व्हायोला डेव्हिस आणि डॅनियल डेडवायलर या दोन कृष्णवर्णीय अभिनेत्री, ज्यांचं नाव बहुतेकांनी धरून ठेवलं होतं, त्या नव्हत्या.

आता वरचा हिशेब लावा. अभिनेत्यांच्या शाखेत तेव्हा तेराशेच्या आसपास सदस्य होते. सगळ्यांनी मत दिलं तरी लागणारा आकडा सव्वादोनशेच्या आत. जगभर जाहिरात करायची गरजच नाही, सव्वादोनशे माणसं आपल्या बाजूला हवीत, तीही एकमेकांना ओळखणारी. अकॅडमीने प्रचाराची चौकशी केली. आठवड्याभरात सांगितलं की नामांकन रद्द करण्याइतकं काही घडलेलं नाही, पण समाजमाध्यमांवरच्या प्रचाराच्या काही पद्धती चिंताजनक होत्या. पुढे प्रचाराचे नियम आणखी स्पष्ट केले.

माझं मत विचाराल तर राइझबरोचं काम नामांकनाच्या लायकीचं होतं. आणि ज्या दोघींचं हुकलं त्यांचंही होतं. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. पण मोठे स्टुडिओ लाखो डॉलर उधळून करतात तेच काम ओळखीपाळखीने केल्यावर मात्र चौकशी, हे मला जरा बोचलं. ओळखीपाळखी कुणाकडे असतात आणि कुणाकडे नसतात, हा प्रश्न तितकाच खरा आहे आणि तो त्या वर्षी पुरेसा विचारला गेला नाही.

नायकाच्या भूमिकेला 'सहायक' गटात कसं टाकतात?

स्टुडिओ सुचवतो, ठरवतो मतदार. २००९ मध्ये केट विन्स्लेटचा 'द रीडर'साठी प्रचार सहायक अभिनेत्री म्हणून चालला होता, मतदारांनी तिला मुख्य गटात नेलं आणि ती जिंकली. २०२१ मध्ये 'ज्युडास अँड द ब्लॅक मसाया'च्या दोन्ही प्रमुख नटांना सहायक गटात नामांकन मिळालं. मग त्या चित्रपटाचा नायक कोण, हे कोडं अजून सुटलेलं नाही. १९४५ मध्ये तर बॅरी फिट्झजेरल्डला एकाच भूमिकेसाठी दोन्ही गटांत नामांकन होतं. त्यानंतर नियम बदलला.

पार्श्वसंगीत इतकं गाजलं, तरी यादीत नाही. हे तरी डावलणंच ना?

आधी पाहा, ते पात्र तरी होतं का. संगीताच्या शाखेचे नियम कडक आहेत. 'देअर विल बी ब्लड'चं जॉनी ग्रीनवुडचं संगीत २००८ मध्ये बाद झालं, कारण त्यात आधी रचलेला भाग होता. 'ड्यून'च्या दुसऱ्या भागाचं हान्स झिमरचं संगीत पहिल्या भागातली सामग्री जास्त म्हणून स्पर्धेतच नव्हतं. आणि निनो रोताची गंमत तर ऐकाच. 'द गॉडफादर'साठी त्याला १९७३ मध्ये मिळालेलं नामांकन काढून घेतलं, कारण त्यातली धून त्याने स्वतःच्याच जुन्या इटालियन चित्रपटात वापरली होती. दोन वर्षांनी त्याच कथेच्या दुसऱ्या भागाच्या संगीताला ऑस्कर मिळालं, आणि त्यातही पहिल्या भागातल्या धुना होत्या.

२०१४ मध्ये एका गाण्याचं नामांकन जाहीर होऊन मागे घेतलं गेलं. संगीतकार त्या शाखेच्या कार्यकारी समितीवर होते आणि त्यांनी सदस्यांना ई-मेल पाठवून गाण्याकडे लक्ष वेधलं होतं. नियम म्हणजे नियम.

"आपला चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत" अशी बातमी होती. मग नामांकनात नाव का नाही?

ही बातमी दर जानेवारीला येते आणि दर जानेवारीला मला तीच उजळणी करावी लागते. तीन पायऱ्या आहेत.

पहिली पात्रता. अमेरिकेतल्या सहा ठरलेल्या महानगरांपैकी एकात चित्रपट सात दिवस तिकीट लावून दाखवला आणि अर्ज भरला की नाव पात्र चित्रपटांच्या यादीत येतं. २०२२ च्या चित्रपटांसाठी त्या यादीत ३०१ नावं होती, त्यांत बरेच भारतीय चित्रपट होते आणि आपल्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते. परीक्षेचा फॉर्म भरला म्हणून कुणी पास होत नाही.

दुसरी पायरी शॉर्टलिस्ट. ती काही ठरावीक गटांतच निघते, बहुधा डिसेंबरात. आंतरराष्ट्रीय चित्रपटासाठी १५ नावं. तिसरी नामांकन, म्हणजे पाच. शेवटच्या पायरीवर न पोचलेल्या चित्रपटाला 'डावललं' म्हणायचं असेल तर तो दुसऱ्या पायरीवर तरी होता का, एवढं पाहावं.

भारताने चुकीचा चित्रपट पाठवला म्हणून आपलं नामांकन गेलं, हे खरं का?

आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या गटात एका देशाला एकच चित्रपट पाठवता येतो. आपल्याकडे ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया नेमते ते परीक्षक मंडळ करतं. इथे मात्र खरोखरच एका खोलीत थोडी माणसं बसून ठरवतात. म्हणजे मी जपून ठेवलेला शब्द इथे वापरता येतो.

२०१३ मध्ये 'द लंचबॉक्स'ऐवजी 'द गुड रोड' गेला. २०२४ मध्ये पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ने फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवला, तो पुरस्कार पटकावणारा पहिला भारतीय चित्रपट ठरला, त्यात मल्याळम आणि हिंदीबरोबर मराठीही बोलली जाते, आणि आपण पाठवला 'लापता लेडीज', जो पहिल्या १५ मध्येही आला नाही. दोन्ही वेळा आरडाओरडा झाला आणि दोन्ही वेळा मला तो रास्त वाटला. २०२२ ची गोष्ट जरा वेगळी. 'आरआरआर' न पाठवता 'छेल्लो शो' हा गुजराती चित्रपट पाठवला, त्यावर टीका झाली, पण तो पहिल्या १५ मध्ये आला. आणि 'आरआरआर'च्या गाण्याने स्वतंत्रपणे ऑस्कर मिळवलंच.

आजवर या गटात भारताला तीनच नामांकनं मिळाली आहेत: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे!' आणि 'लगान'. शेवटचं २००२ मध्ये.

आणि मराठी चित्रपट?

तीन गेले. संदीप सावंतांचा 'श्वास' (२००४), परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आणि चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१५). एकालाही नामांकन मिळालं नाही. 'श्वास'च्या वेळी तिकडच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली होती. चित्रपटाला नामांकन मिळवायला पैसे का लागतात, हे तेव्हा घराघरांत पहिल्यांदा कळलं. तिकडे शेकडो मतदारांनी चित्रपट पाहावा म्हणून खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात, माणसं नेमावी लागतात. 'श्वास' हुकला याचं दुःख मला अजून आहे, पण त्याला कुणी डावललं असं मी म्हणणार नाही. तो पुरेशा लोकांनी पाहिला का, ही माझी शंका आहे.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या वेळी असा गोंधळ का होत नाही?

गोंधळ होतोच, फक्त एकदाच होतो. तिथे नामांकनं नसतात, परीक्षक थेट विजेते जाहीर करतात. हळहळायला दोन महिने मिळत नाहीत.

रागावून, लिहून, ओरडून कधी काही बदललंय का?

हो, आणि हा इतिहास मला नामांकनांइतकाच आवडतो.

'ऑफ ह्यूमन बाँडेज'मधल्या कामासाठी बेटी डेव्हिसला नामांकन मिळालं नाही, तेव्हा इतका गहजब झाला की १९३५ च्या सोहळ्यासाठी अकॅडमीने मतपत्रिकेवर बाहेरचं नाव लिहायची मुभा दिली. डेव्हिस तिसरी आली, जिंकली क्लॉडेट कोल्बर्ट. पण त्या वादानंतर मतमोजणी प्राइस वॉटरहाउस या बाहेरच्या हिशेबनिसांकडे गेली, ती आजतागायत. पुढच्या वर्षी छायालेखक हॅल मोर यादीत नसताना, लोकांनी हाताने नाव लिहिल्यामुळे जिंकला. मग अकॅडमीने ती मुभाच बंद केली.

१९९५ मध्ये 'हूप ड्रीम्स' या जवळजवळ तीन तासांच्या माहितीपटाला माहितीपटाचं नामांकन मिळालं नाही. त्या वेळच्या वृत्तांतांनुसार निवड समितीच्या सदस्यांकडे छोट्या विजेऱ्या असत. चित्रपट नको झाला की विजेरी लावायची, पुरेशा लागल्या की खेळ बंद. अंधारात एकेक दिवा लागतोय आणि पडद्यावर दोन मुलं बास्केटबॉल खेळतायत, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या वादानंतर माहितीपटांची निवडपद्धत बदलली.

२००९ मध्ये 'द डार्क नाइट'ला आठ नामांकनं मिळाली, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नाही. पुढच्याच वर्षापासून पाचाच्या जागी दहा चित्रपट आले. मधे काही वर्षं पाच ते दहा अशी लवचीक संख्या होती, आता पुन्हा दहा.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या कामासाठी लोक भांडले त्याला हुकलेलं ते नामांकन कधीच मिळालं नाही. मिळालं ते पुढच्यांना.

वंश, स्त्रिया, भाषा: इथेही 'हुकलं'च म्हणायचं का?

नाही. एक नाव राहिलं तर तो हिशेब. एकाच प्रकारची नावं वर्षानुवर्षं राहत असतील तर तो हिशेब कोण करतंय ते बघावं लागतं. २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी अभिनयाच्या चारही गटांतले वीसच्या वीस जण गोरे होते. एप्रिल रेन या कार्यकर्तीने २०१५ मध्ये 'ऑस्कर्स सो व्हाइट' हा हॅशटॅग सुरू केला. २०१६ च्या जानेवारीत अकॅडमीने ठरवलं की स्त्रिया आणि अल्पसंख्य सदस्यांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करायची. म्हणजे मतमोजणी तीच ठेवली, मतदार बदलले. दुखणं कुठे होतं हे अकॅडमीनेच मान्य केल्यासारखं झालं.

दिग्दर्शनात तर पहिल्या स्त्रीला, लीना वर्टम्युलरला, नामांकन मिळायला १९७७ उजाडलं. जिंकायला २०१०, कॅथ्रिन बिगेलो. इतकी वर्षं एकही स्त्री पाचांत बसण्याजोगी नव्हती, हे कुणी मला पटवून द्यावं.

वाद घालताना न्याय्य कसं राहायचं?

एकच प्रश्न स्वतःला विचारा: मग काढायचं कुणाला? जागा पाच आहेत. मार्गो रॉबी हवी होती, कबूल. मग बेनिंग, ग्लॅडस्टन, ह्युलर, मलिगन, स्टोन यांतली कोण नको, ते नाव घेऊन सांगा. बहुतेक वाद इथेच थंडावतात. काही थंडावत नाहीत. तेच खरे वाद.

आणि ज्याला अनपेक्षित नामांकन मिळालं त्याच्यावर राग काढू नका. त्याने कुणाची खुर्ची ओढलेली नसते. 'बार्बी'तल्या भूमिकेसाठी रायन गॉस्लिंगला नामांकन मिळालं तेव्हा त्याने आभार मानले, आणि त्याच निवेदनात गर्विग आणि रॉबीचं नाव नाही याबद्दल निराशाही सांगितली. बार्बीशिवाय केन कसला, असा त्याचा सूर होता. मात्र गर्विगला रूपांतरित पटकथेचं आणि रॉबीला निर्माती म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन होतं, हे त्या गदारोळात बऱ्याच जणांच्या गावी नव्हतं. माझ्याही नव्हतं, दुसऱ्या दिवशी वही तपासताना दिसलं.

हुकलेल्याला पुढच्या वर्षी भरपाई मिळते का?

कधीकधी, आणि त्यातून नवा घोळ होतो. बेटी डेव्हिसला पुढच्याच वर्षी 'डेंजरस'साठी ऑस्कर मिळालं. ती मागची भरपाई आहे, असं खुद्द तीच म्हणायची. भरपाई दिली की त्या वर्षी ज्याचं काम खरोखर सरस होतं त्याचं हुकतं. मग त्याची भरपाई आणखी कधीतरी.

किती मतांनी हुकलं, हे कळू शकतं का?

नाही. अकॅडमी मतांचे आकडे जाहीर करत नाही. डेव्हिस तिसरी आली हे आपल्याला माहीत आहे, कारण त्या काळी दुसरा-तिसरा क्रमांक सांगत असत. तेव्हा "फक्त दोन मतांनी गेलं हो" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकून घ्या, चहा प्या, विषय बदला.

पुढच्या वर्षी अंदाज बांधायचे तर सुरुवात कुठून करू?

डिसेंबरातल्या शॉर्टलिस्टपासून. मग संघटनांच्या याद्या. दिग्दर्शकांच्या पाचांत परदेशातल्या एखाद्यासाठी एक जागा मोकळी सोडा. आणि नावं पेनाने लिहा. पेन्सिलीने लिहिली की सात वाजून पाच मिनिटांनी खोडरबराकडे हात जातो.